शनिवारची पैज आणि खिशातला अड्डा

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा (सॉकर नव्हे, अमेरिकन फुटबॉल) हंगाम सुरू होतो, आणि या सामन्यांवर पैजा लावू द्याव्यात का, हा वादही नव्याने पेटतो. एक बाजू म्हणते, जुगार तो जुगारच. कॉलेजच्या खेळात त्याला पाऊल ठेवू देता कामा नये. दुसरी म्हणते, एकवीस वर्षांच्या माणसाने स्वतःच्या वीस डॉलरचं काय करावं हे सरकारने सांगायचं कारण नाही. ओहायोत राहून मी हा वाद कित्येक हंगाम ऐकतो आहे. ऑफिसात ऐकतो, मंडळाच्या बैठकीनंतर चहा घेताना ऐकतो. दोन्ही बाजू मनापासून बोलतात, पण 'पैज' हा शब्द दोघेही असा वापरतात की जणू १९६० सालची पैज आणि आजची पैज एकच आहे. माझं म्हणणं आधीच स्पष्ट सांगतो. कॉलेजच्या सामन्यांवरच्या पैजेवर बंदी नको, पण ती फोनवरून काढून टाकायला हवी. ज्याला लावायची आहे त्याने परवाना असलेल्या केंद्रात स्वतः जावं, काउंटरवर पैसे मोजावेत आणि फक्त सामन्याच्या निकालावर पैज लावावी. एकेका खेळाडूवर आणि एकेका चालीवरची पैज पूर्ण थांबावी.

हे मत पुस्तकं वाचून बनलेलं नाही. २०२५ च्या हंगामाचा पहिला मोठा शनिवार, ३० ऑगस्ट, ऐन गणेशोत्सवात आला. चतुर्थी बुधवारी होऊन गेली होती, आणि परदेशातल्या बहुतेक मंडळांसारखा आमचाही सार्वजनिक कार्यक्रम शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये होता. दुपारीच ओहायो स्टेटने टेक्ससला १४-७ असं हरवलं होतं, त्यामुळे झब्ब्यांच्या गर्दीत लाल जर्सीही बऱ्याच दिसत होत्या. स्टेजवर लहान मुलांची नाटुकली चालली होती. मागच्या रांगेत माझ्या शेजारी ओळखीच्या घरातला मुलगा बसला होता, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा, बावीस वर्षांचा. मांडीवर फोन. त्याने तीन संघांची साखळी पैज लावली होती, जिला इथे पार्ले म्हणतात: ओहायो स्टेट, अलाबामा आणि क्लेमसन, तिघेही जिंकले तरच पैसे. "अलाबामाचं काही टेन्शनच नाही काका," तो म्हणाला. त्याचं चुकलं असं कोण म्हणेल? अलाबामासमोर फ्लोरिडा स्टेट होतं. त्या संघाने आधीच्या वर्षी बारापैकी दोनच सामने जिंकले होते, आणि पैजेच्या बाजारात अलाबामा जवळजवळ दोन टचडाउनने, म्हणजे चौदाएक गुणांनी, वरचढ धरलं होतं. आरतीला सगळे उभे राहिले तेव्हा मात्र फ्लोरिडा स्टेट पुढे होतं. त्याचा फोन थरथरला. पडद्यावर प्रश्न होता: आत्ताचा ड्राइव्ह, म्हणजे चेंडू हातात असलेल्या संघाची चढाई, कशाने संपेल? टचडाउन, फील्ड गोल की पंट? प्रत्येकापुढे भाव आणि खाली हिरवं बटण. आरती संपेपर्यंत त्याने ते बटण तीनदा दाबलं. अलाबामा ३१-१७ असं हरलं, रात्री क्लेमसनही एलएसयूकडून (लुइझियाना स्टेट) हरलं. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा त्याने मला स्वतःहून फोनमधली यादी दाखवली. एका शनिवारात तेवीस पैजा. त्यातल्या निम्म्या सामन्यांत कोण कोणाविरुद्ध खेळत होतं हे त्याला यादी वाचूनच कळत होतं.

या तेवीस आकड्यापाशी थोडं थांबायला हवं, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे. फुटबॉल हा मुळात संथ लयीचा खेळ आहे. संघ आठवड्यातून एकदा खेळतो, नियमित हंगामात बारा सामने. जुन्या पद्धतीने पैज लावणारा माणूस आठवडाभर विचार करायचा, शनिवारी एक-दोन सामन्यांवर पैसे लावायचा, हरला तर पुढच्या शनिवारपर्यंत त्याला थांबावंच लागायचं. हे थांबणं कुणी कायद्याने घातलेलं नव्हतं, खेळाच्या वेळापत्रकातच ते होतं. फोनने नेमकं तेच काढून घेतलं. एका सामन्यातल्या शंभराहून अधिक चालींपैकी प्रत्येक चाल आता स्वतंत्र सोडत झाली आहे, आणि पहिल्या आठवड्यात असे डझनावारी सामने गुरुवारी रात्रीपासून लेबर डेच्या सुट्टीच्या सोमवारपर्यंत चालू असतात.

'सोडत' हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण आपण महाराष्ट्रात हा प्रकार पाहिलेला आहे. मुंबईचा आकडा सुरू झाला तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातल्या उघडत्या आणि बंद भावांवर. ते भाव येणं थांबल्यावर चिठ्ठ्या मटक्यात गेल्या, पण 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द राहिले: दिवसातून दोन वेळा आशा, दोन वेळा निराशा. १९६९ साली राज्य सरकारने स्वतःची लॉटरी काढली. लोकांना मटक्यापासून दूर न्यावं हाही त्यामागचा एक हेतू होता. मटका काही त्याने मेला नाही. पुढे एक अंकी लॉटरी आली, दिवसातून अनेकदा सोडत, आणि मजुरी हातात पडल्यापडल्या दुकानासमोर उभी राहणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली. तेव्हा संसदेने काय केलं? १९९८ च्या लॉटरी नियमन कायद्याने लॉटरी बंद केली नाही. एक अंकी बक्षिसं बंद केली, आणि एका लॉटरीची आठवड्यातून एकच सोडत असं बंधन घातलं. अंमलबजावणी कशी झाली हा वेगळा विषय. पण त्या कलमामागची समज मला फार मोलाची वाटते. माणसाला नशीब आजमावण्यापासून रोखायचं नाही, पण हरल्यानंतरचा पुढचा डाव किती मिनिटांनी येतो यावर हात ठेवायचा. अमेरिकेतल्या चर्चेत हा मुद्दा जवळजवळ ऐकूच येत नाही.

आणि हंगामाच्या पहिल्या शनिवार-रविवारी तर परिस्थिती सर्वांत वाईट असते. तेव्हा कुणालाच काही ठाऊक नसतं. जानेवारीपासून ऑगस्टपर्यंत खेळाडू एका कॉलेजातून दुसऱ्यात गेलेले असतात. फ्लोरिडा स्टेटचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाचा सूत्रधार खेळाडू, त्याच वर्षी बोस्टन कॉलेजातून आला होता, आक्रमणाचे डावपेच ठरवणारा प्रशिक्षकही नवा होता. आधीच्या वर्षीचे बारापैकी दोन विजय ज्या संघाचे होते तो संघच उरला नव्हता. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये बत्तीस संघ आहेत आणि जखमी खेळाडूंची यादी आठवडाभर जाहीर करणं सक्तीचं आहे. कॉलेजच्या वरच्या विभागात एकशे तीसहून अधिक संघ आहेत, वेगवेगळ्या गटांत विभागलेले. एसईसीसारख्या बलाढ्य गटाने अशी यादी २०२४ पासून सुरू केली, तीही गटातल्या आपापसातल्या सामन्यांपुरती. पहिल्या आठवड्यात बहुतेक सामने गटाबाहेरच्या संघांशी असतात. म्हणजे माहिती जिथे सर्वांत कमी, तिथेच जाहिरातींचा मारा सर्वांत जास्त, आणि पहिल्या पैजेवर बोनस.

गणित कुणी लपवलेलं नाही, पण ते कागदावर मांडून पाहणारे कमी. शंभर डॉलर जिंकण्यासाठी साधारणपणे एकशे दहा लावावे लागतात. सामना अगदी नाणेफेकीसारखा समसमान धरला तरी अशा एका पैजेत शंभर डॉलरमागे सरासरी साडेचार डॉलर कंपनीकडे राहतात. नुकसान होऊ नये म्हणून शंभरातल्या बावन्नहून अधिक पैजा जिंकाव्या लागतात, आणि ते आयुष्यभर हाच धंदा करणाऱ्यांनाही कठीण जातं. अशाच तीन पैजांची साखळी केली की कंपनीचा वाटा शंभरामागे तेरावर जातो, पाचांची केली की एकवीसच्या आसपास. मग ॲप उघडल्यावर पहिल्यांदा डोळ्यांत भरते ती साखळी पैजच का, हे वेगळं सांगायला नको.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे. त्यातले काही भक्कम आहेत आणि ते टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल.

सर्वांत भक्कम मुद्दा इतिहासाचा आहे. १९९२ साली अमेरिकी संसदेने कायदा करून नेवाडासारखी मोजकी राज्यं सोडता खेळांवरची अधिकृत पैज रोखली. १४ मे २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द केला. बंदीच्या काळात खेळ स्वच्छ होता का? मुळीच नाही. त्याही आधी, १९५१ साली, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजचे बास्केटबॉलपटू पैसे घेऊन गुणांचा फरक कमी ठेवताना पकडले गेले, आणि आदल्याच वर्षी त्या संघाने देशातल्या दोन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या होत्या. १९९४ मध्ये नॉर्थवेस्टर्नच्या एका फुटबॉलपटूने आयोवाविरुद्ध गोललाइनजवळ चेंडू मुद्दाम सोडला, हे त्याने नंतर कबूल केलं. आमच्याच राज्यातल्या टोलेडो विद्यापीठात या शतकाच्या पहिल्या दशकात डेट्रॉइटच्या सटोडियांनी फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या खेळाडूंना हाताशी धरलं. रोख रकमेबरोबर किराणा दिल्याचीही नोंद त्या खटल्यांत आहे. किराणा! इतक्या स्वस्तात मुलं मिळत होती. हे सगळं त्या राज्यांत अधिकृत पैज नसताना झालं. म्हणून सरसकट बंदी मागणाऱ्यांशी मी सहमत नाही. बंदीने पैज थांबत नाही, ती फक्त दिसेनाशी होते.

याच मुद्द्याचा पुढचा भाग असा: पैज अधिकृत असली की गैरव्यवहार पकडता येतो. हेही खरं. एप्रिल २०२३ मध्ये अलाबामाच्या बेसबॉल संघाचा एलएसयूशी सामना होता. सिनसिनाटीच्या बॉलपार्कमधल्या पैज केंद्रात एक ग्राहक अलाबामाविरुद्ध फार मोठी रक्कम लावायला आला, तिथल्या कर्मचाऱ्यांना संशय आला, ओहायोच्या नियामकांनी अलाबामाच्या बेसबॉलवरच्या पैजा थांबवल्या, आणि काही दिवसांतच त्या संघाच्या प्रशिक्षकाची नोकरी गेली. त्या ग्राहकाशी त्याचा संपर्क असल्याचं उघड झालं होतं. अधिकृत पैजेच्या बाजूने हे उदाहरण नेहमी दिलं जातं. पण तो माणूस कुठे पकडला गेला? काउंटरवर. समोर कॅमेरा होता, पलीकडे माणूस उभा होता. पैज अधिकृत आणि उघड्यावर असावी हे या उदाहरणातून नक्की सिद्ध होतं. ती प्रत्येकाच्या खिशात असावी हे त्यातून कसं काय सिद्ध होतं?

दुसरा मुद्दा असा की आता खेळाडूंना पैसे मिळतात. २०२१ पासून ते स्वतःच्या नावावर जाहिराती करू शकतात, आणि २०२५ च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं त्यांना थेट हिस्सा देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. मग त्यांना 'बिचारी पोरं' म्हणण्यात काय अर्थ? ज्यांची चित्रं फलकांवर आहेत त्यांच्याबाबत मी हे मान्य करतो. पण किराणा घेणारे टोलेडोचे खेळाडू आजही आहेत. लहान विद्यापीठातला राखीव खेळाडू, ज्याला या पैशातून काही मिळत नाही, त्याने किती यार्ड पळावं यावर पैज लागते तेव्हा त्याला विकत घ्यायला सामना हरवण्याची गरज उरत नाही. एकदा पाय मुरगळल्याचं नाटक पुरतं. कॉलेज खेळांची देशव्यापी संघटना असलेल्या एनसीएएचे अध्यक्ष चार्ली बेकर स्वतः मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर होते, आणि तिथल्या पैजेच्या कायद्यावर सही त्यांचीच आहे. तेच २०२४ मध्ये कॉलेज खेळाडूंवरच्या वैयक्तिक पैजा सगळीकडे बंद करा असं राज्यांना सांगत होते. ओहायोने त्या बंद केल्या. त्यामागे आणखी एक कारण होतं. जानेवारी २०२३ मध्ये, म्हणजे ओहायोत पैज सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, डेटन विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाला पत्रकार परिषदेत सांगावं लागलं की हरलेल्या सामन्यानंतर त्याच्या मुलांना पैज हरलेल्या लोकांकडून घाणेरडे संदेश येत आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाला, त्याच्या स्वतःच्या फोनवर. नफा-तोट्याच्या कुठल्या हिशेबात हे धरायचं?

तिसरा मुद्दा कराचा. न्यूयॉर्क राज्य ऑनलाइन पैजेच्या कमाईवर ५१ टक्के कर घेतं आणि त्यातला मोठा भाग शिक्षणावर जातो. शाळेला पैसा नको असं कुणाला म्हणवेल? पण हेच न्यूयॉर्क आपल्या राज्यातल्या कॉलेज संघांवर पैज लावू देत नाही. आणि न्यू जर्सी, ज्या राज्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढून देशभर पैजेचं दार उघडलं, तेही स्वतःच्या कॉलेजांच्या सामन्यांवर पैज घेऊ देत नाही; २०२१ मध्ये ही मनाई उठवायची का असा प्रश्न मतदारांपुढे ठेवला तेव्हा त्यांनी नको म्हटलं. इलिनॉयने २०२१ च्या अखेरीस राज्यातल्या कॉलेज संघांवर पैजेला परवानगी दिली ती केंद्रात स्वतः जाऊन आणि फक्त निकालावर. मी जे मागतो आहे ते मी शोधून काढलेलं नाही. लोकांनी घरच्या मुलांपुरतं ते आधीच मान्य केलं आहे. शेजारच्या राज्यातली मुलं वेगळी का ठरावीत?

राहिला स्वातंत्र्याचा मुद्दा, आणि तो मला सर्वांत जवळचा आहे. मुलगा बावीस वर्षांचा आहे. त्याने पैसे कुठे घालवावेत हे मी ठरवू नये. मान्य. पण स्वातंत्र्याचा करार दोन्ही बाजूंनी मोकळा असावा लागतो. इथे एका बाजूला एकटा विद्यार्थी आहे, दुसऱ्या बाजूला त्याची प्रत्येक पैज, प्रत्येक उशिरा रात्रीची नोंद साठवणारी यंत्रणा. ती त्याला आरतीच्या वेळी हाक मारू शकते. आणि तो खरोखर हुशार निघाला, सतत जिंकू लागला, तर हीच कंपनी त्याची मर्यादा काही डॉलरवर आणून ठेवू शकते. या धंद्यात ते सर्रास चालतं. हरणाऱ्याला आमंत्रण आणि जिंकणाऱ्याला लगाम, याला खुला बाजार म्हणायचं का? विद्यापीठंही यात मागे नव्हती. कोलोरॅडो विद्यापीठाचा २०२० मध्ये एका पैज कंपनीशी करार होता आणि प्रत्येक नव्या ग्राहकामागे विद्यापीठाला ३० डॉलर मिळणार होते. टीका वाढल्यावर २०२३ मध्ये तो संपला. त्याच वर्षी एनसीएएने १८ ते २२ वयाच्या तरुणांची पाहणी केली तेव्हा ५८ टक्क्यांनी कधी ना कधी खेळावर पैज लावल्याचं सांगितलं, कॉलेजच्या आवारात राहणाऱ्यांत ६७ टक्क्यांनी. बहुतेक राज्यांत कायद्याचं वय २१ आहे.

फोनमुळे खरंच फरक पडतो का, की ही माझ्यासारख्या पन्नाशीतल्या माणसाची भीती आहे? कॅलिफोर्नियातल्या यूसीएलए आणि यूएससी या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी २०२४ मध्ये राज्याराज्यांतल्या लोकांच्या कर्जाच्या नोंदी तपासल्या. पैज अधिकृत झाल्यावर दिवाळखोरी वाढल्याचं आणि कर्जफेडीची पत घसरल्याचं त्यांना दिसलं, आणि ऑनलाइन पैज सुरू झालेल्या राज्यांत ही घसरण जास्त होती. परवाना तोच, खेळ तोच. मधलं अंतर तेवढं गेलं.

माझ्या मागणीत एक भगदाड आहे, तेही सांगतो. २०२५ पासून काल्शीसारख्या बाजारांत खेळांच्या निकालांवर 'करार' विकले जातात. ते स्वतःला पैज म्हणवत नाहीत, राज्यांच्या पैज कायद्याखाली यायला तयार नाहीत, आणि तिथे वयाची अट १८ आहे. टेक्ससमध्ये पैज बेकायदा असली तरी तिथला विद्यार्थी हा करार फोनवर घेतो. राज्यांनी काउंटर सक्तीचा केला आणि हे दार उघडं राहिलं, तर सगळा धंदा तिकडे जाईल. हे केंद्र सरकारलाच बंद करावं लागेल. भारताने २१ ऑगस्ट २०२५ ला संसदेत पैसे लावून खेळायचे सगळेच ऑनलाइन खेळ एका फटक्यात बंद केले. पोरांच्या खिशातला अड्डा धोकादायक आहे हे त्यात बरोबर ओळखलं गेलं. पण उघडा, परवान्याचा पर्यायच न ठेवल्याने लोक परदेशी साइट आणि टेलिग्रामवरच्या बुकीकडे वळतील, ही भीती मला वाटते. १९५१ च्या न्यूयॉर्कने आणि आपल्या मटक्याने तेच दाखवलं होतं.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो चिडला नाही. फक्त म्हणाला, "काका, सगळ्यात जवळचं केंद्र चाळीस मिनिटांवर आहे. पाच डॉलरसाठी एवढं कोण जाईल?" ओहायो स्टेट-टेक्ससच्या सामन्यासाठी गेला असता, हे त्याने पुढे स्वतःच सांगितलं, मित्रांबरोबर, गाडी काढून. बाकीच्या बावीस पैजांसाठी गेला नसता.